दार खुले, पण कारागीर थोडे

ज्या वस्तूची घडण सर्वांना पाहावयास मोकळी असते, तीत सुधारणा करण्यास पुष्कळ हात पुढे येतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बऱ्याच अंशी खराही आहे. तथापि संगणकाच्या क्षेत्रात गेल्या पंचवीस वर्षांत असे एक उदाहरण घडले आहे की, ज्यात दार पूर्वीइतकेच उघडे असूनही आत येऊन काम करणारे हौशी कारागीर कमी होत गेले. हे उदाहरण मुक्त ब्राउझरचे होय. ज्या साधनाच्या खिडकीतून आपण रोज वर्तमानपत्रे वाचतो, परीक्षेचे निकाल पाहतो, आगगाडीची तिकिटे काढतो, त्याच साधनाविषयीचा हा प्रश्न असल्यामुळे तो केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही, असे मला वाटते.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. इंटरनेटवरील पाने आणून ती आपल्या पडद्यावर नीट मांडून दाखविणारा जो प्रोग्रॅम, तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्याची परिचित नावे. कोणताही प्रोग्रॅम प्रथम मनुष्य संगणकाच्या भाषेत लिहून काढतो; या मूळ लिखाणास सोर्स कोड म्हणतात. पुष्कळ कंपन्या हे लिखाण कुलूपबंद ठेवतात. परंतु काही प्रोग्रॅमचा सोर्स कोड सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला असतो, आणि तो वाचण्याची, बदलण्याची व बदललेली आवृत्ती स्वतःच्या नावाने इतरांना देण्याची लेखी परवानगीही त्यासोबत असते. अशा प्रोग्रॅमला मुक्त स्रोत प्रोग्रॅम असे म्हणतात. तो सोर्स कोड घेऊन कोणी आपल्या मनाप्रमाणे वेगळी आवृत्ती काढली, म्हणजे झाडास फांदी फुटावी तशी मूळ प्रकल्पाला एक शाखा फुटते. अशा शाखा स्वयंसेवकांच्या हातून पूर्वी पुष्कळ फुटत; आता त्या मानाने थोड्या फुटतात. असे का व्हावे, आणि त्याची आपण खंत का बाळगावी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

या शाखांनी ब्राउझरच्या इतिहासात काय साधले, ते आधी पाहणे इष्ट होईल. नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगाला खुला केला आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. या प्रकल्पाचा संच पुढे फार अवजड झाला. तेव्हा डेव्ह हायट, ब्लेक रॉस आदी तरुणांनी २००२ साली केवळ प्रयोग म्हणून एक सुटसुटीत शाखा काढली. तिचे पहिले नाव फिनिक्स. ९ नोव्हेंबर २००४ रोजी तीच शाखा फायरफॉक्स या नावाने जगापुढे आली, त्या वेळी ब्लेक रॉस अवघा १९ वर्षांचा होता. काही काळाने फांदीच खोड बनली आणि मूळचे खोड मागे पडले.

दुसरी वंशावळ याहूनही बोधप्रद आहे. जर्मनीतील ट्यूबिंगन येथे शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने १९९६ मध्ये केडीई हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. या प्रकल्पातील मंडळींनी ‘कॉन्करर’ नावाचा ब्राउझर व त्यासाठी ‘केएचटीएमएल’ हे इंजिन रचले. इंजिन म्हणजे पान वाचून त्याची पडद्यावर मांडणी करणारा ब्राउझरचा गाभा. ॲपल कंपनीने हे इंजिन घेऊन जानेवारी २००३ मध्ये सफारी ब्राउझर जाहीर केला. त्या शाखेस ‘वेबकिट’ म्हणतात. गूगलने वेबकिट घेऊन सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यातून ‘ब्लिंक’ ही आपली निराळी शाखा काढली. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचे इंजिन बाजूस सारले व जानेवारी २०२० मध्ये क्रोमच्याच मुक्त पायावर, म्हणजे क्रोमिअमवर उभारलेला नवा एज लोकांच्या हाती दिला. अशा रीतीने आज जगातील बहुसंख्य लोक जे ब्राउझर वापरतात, त्यांचा मूळपुरुष शोधीत गेले तर आपण स्वयंसेवकांच्या एका लहानशा मेळाव्यापाशी जाऊन पोहोचतो. हौशी माणसाची शाखा म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

२००० ते २०११ हा काळ अशा शाखांना विशेष अनुकूल होता. लिनक्सवर गॅलिऑन, विंडोजवर के-मेलिऑन, मॅकवर कॅमिनो असे ब्राउझर मोझिलाच्या ‘गेको’ इंजिनावर उभे राहिले. कोणी ठराविक प्रोसेसरवर अधिक वेगाने चालणारी स्विफ्टफॉक्स ही आवृत्ती काढली. कोणी २००९ मध्ये पेल मून सुरू केला. २०११ मध्ये वॉटरफॉक्स निघाला, तो १६ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने काढलेला होता. शाळेच्या वयातील मुलाने जगभर वापरला जाणारा ब्राउझर काढावा, ही गोष्ट त्या काळी दुर्मीळ होती खरी, पण अशक्य नव्हती.

आज असे प्रयत्न मुळीच होत नाहीत, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. लिब्रवुल्फ, फ्लोर्प, झेन ही फायरफॉक्सवर आधारलेली अलीकडची नावे आहेत. क्रोमिअममधून गूगलच्या सेवांचे दुवे काढून टाकणारी ‘अनगूगल्ड क्रोमिअम’ ही आवृत्तीही स्वयंसेवक चालवितात. परंतु यांतील पुष्कळ आवृत्त्या मूळ ब्राउझरच्या अगदी अंगाला अंग लावून चालतात. काही बाबी बंद करावयाच्या, काही चालू करावयाच्या, दर्शनी भाग थोडा बदलावयाचा आणि मूळ आवृत्ती पुढे सरकली की त्वरेने तिच्यामागे धावावयाचे, अशी त्यांची रीत आहे. गाभ्याला हात घालून वेगळ्या वाटेने जाणारे फारच थोडे. मोठे फेरफार करणाऱ्या ब्रेव्ह, व्हिवाल्डी, ऑपेरा यांसारख्या शाखांच्या मागे पगारी नोकरवर्ग असलेल्या कंपन्या आहेत.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण मुळीच दुःखाचे नाही, म्हणून ते आधी सांगतो. ज्या उणिवांमुळे पूर्वी वेगळी आवृत्ती काढावी लागे, त्यांपैकी अनेक उणिवा मूळ ब्राउझरनेच भरून काढल्या. वॉटरफॉक्स निघाला तेव्हा विंडोजसाठी फायरफॉक्सची ६४-बिट अधिकृत आवृत्ती नव्हती; ती डिसेंबर २०१५ मध्ये आली. ज्याला जाहिराती रोखावयाच्या आहेत किंवा एखादे नवे बटण हवे आहे, त्याला त्यासाठी अख्खा ब्राउझर बांधण्याची गरज उरली नाही. एखादे छोटे एक्स्टेन्शन जोडले की काम भागते. भिंतीला एक खुंटी हवी असताना नवे घर कोण बांधील? इथपर्यंत जी घट झाली, ती सुधारणेची खूणच मानली पाहिजे.

दुसऱ्या कारणापासून मात्र चित्र पालटते. पूर्वी इंजिन आणि बाहेरचा ब्राउझर या दोन गोष्टी बऱ्याच अंशी सुट्या होत्या. इंजिन मोझिलाचे घ्यावे आणि भोवतालची चौकट आपली बांधावी, असे करता येई. मार्च २०११ मध्ये मोझिलाने गेको इंजिन असे दुसऱ्याच्या चौकटीत बसविण्याची सोय पुढे न चालविण्याचे ठरविले. फायरफॉक्स वेगाने सुधारावयाचा तर त्याच्या अंतर्भागातील सांधे कोणालाही न विचारता बदलता आले पाहिजेत, हा त्यामागचा हिशेब होता. आणि तो मोझिलाच्या दृष्टीने चुकीचाही नव्हता. परंतु त्याचा आघात कॅमिनोसारख्या शाखांवर झाला. दुसऱ्या इंजिनाकडे वळण्याचा विचार तेथील मंडळींनी केला, पण २०१३ मध्ये त्यांनी काम थांबविले. पुढे नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ या आवृत्तीने जुन्या पद्धतीची सर्व एक्स्टेन्शने आणि त्यांच्याखालची पुष्कळशी जुनी यंत्रणा मोडीत काढली. ज्यांना ती जुनी रचना प्रिय होती, त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरले: नव्याचा स्वीकार करावा, किंवा जुन्या इंजिनाची सारी जोखीम आपल्याच शिरावर घ्यावी. पेल मूनच्या कर्त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्या मार्गावर त्यांना सोबती फार थोडे मिळाले.

तिसरे कारण गतीचे आहे, आणि माझ्या मते हेच सर्वांत मोठे. फायरफॉक्सची ३.६ ही आवृत्ती जानेवारी २०१० मध्ये निघाली व तिच्यानंतरची ४ ही आवृत्ती मार्च २०११ मध्ये. दोहोंमध्ये १४ महिन्यांचे अंतर होते. या अवकाशात नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसालाही आपले फेरफार नव्या आवृत्तीत सावकाश बसविता येत. परंतु क्रोमने २०१० मध्ये दर ६ आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा परिपाठ सुरू केला. फायरफॉक्सने २०११ मध्ये तोच स्वीकारला. पुढे फायरफॉक्सने २०२० मध्ये आणि क्रोमने २०२१ मध्ये हे अंतर ४ आठवड्यांवर आणले. ४ आठवड्यांच्या हिशेबाने वर्षाला १३ आवृत्त्या होतात. स्वयंसेवकाने आपल्या शाखेत १०० ठिकाणी बदल केले असतील, तर ते सर्व बदल वर्षातून १३ वेळा नव्या लिखाणाशी ताडून पाहावे लागणार. मूळ लिखाणातील एखादी ओळ सरकली, एखाद्या भागाचे नाव बदलले, एखादे प्रकरणच गळाले, की आपले ठिगळ तेथे बसत नाही. ते उसवून पुन्हा शिवावे लागते. नवे काही करण्याची हौस बाजूला राहते आणि सारा वेळ जुनेच शिवण्यात जातो. उत्साह मरतो तो असा.

यावर कोणी म्हणेल की, मग मागे राहावे. दर महिन्याला धावण्याची सक्ती कोणी केली आहे? ती सक्ती चौथ्या कारणाने केली आहे आणि ते कारण सुरक्षिततेचे आहे. ब्राउझर हा जगातील कोणत्याही अनोळखी पानाला घरात घेणारा प्रोग्रॅम आहे. आणि त्याच घरात आपला बँकेचा व्यवहार व खासगी पत्रव्यवहारही असतो. त्याच्या लिखाणात दोष सापडतात, ते दुरुस्त होतात, आणि मुक्त प्रकल्पात ती दुरुस्ती सर्वांना वाचता येते. सज्जनांना वाचता येते तशीच ती चोरांनाही वाचता येते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे भोक कोठे होते, हेही जाहीर झाले. जी शाखा ही दुरुस्ती उशिरा घेते, तिच्या वापरणाऱ्यांच्या घराचे दार तितके दिवस उघडे राहते. क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून अशा दुरुस्त्या दर आठवड्याला पाठविण्यास आरंभ केला. आता एकटा मनुष्य आजारी पडला, त्याची परीक्षा आली, घरात लग्नकार्य निघाले, तर त्याच्या भरवशावर असलेल्या हजारो लोकांनी काय करावे? विवेकी स्वयंसेवक हा विचार करतो आणि शाखा काढण्याचे धाडस करीत नाही. त्याच्या या माघारीला भ्याडपणा म्हणता येणार नाही. तिच्यामागे जबाबदारीची जाणीव आहे.

पाचवे कारण आकाराचे. आजचा ब्राउझर नुसती पाने दाखवीत नाही. तो चित्रपट चालवितो, त्रिमितीय चित्रे रेखाटतो, दूरच्या माणसाशी समोरासमोर बोलणे घडवितो, लहानमोठे प्रोग्रॅम स्वतःच्या पोटात चालवितो. त्यामुळे क्रोमिअमचा सोर्स कोड आज कोट्यवधी ओळींचा झाला आहे आणि त्यात रोज शेकडो बदल होत असतात. या लिखाणापासून चालता ब्राउझर तयार करण्याच्या क्रियेस बांधणी म्हणतात. तिच्यासाठी क्रोमिअमच्या अधिकृत सूचनांत किमान १०० जीबी मोकळी जागा व किमान ८ जीबी रॅम सांगितलेली असून, रॅम १६ जीबीहून अधिक असावी अशी आग्रहाची शिफारस आहे. साध्या संगणकावर एका बांधणीस कित्येक तास लागतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरी एकच जुना संगणक आहे व तोही थोरल्या भावाबरोबर वाटून घ्यावयाचा आहे, त्याला दिलेली परवानगी कागदावर पूर्ण असली तरी व्यवहारात अपुरी पडते.

सहावे कारण किल्ल्यांचे आहे. घर खुले असले तरी त्यातील काही खोल्यांच्या किल्ल्या अजून मालकाच्याच कमरेला आहेत. नावाचेच पाहा. सोर्स कोड मुक्त असला तरी फायरफॉक्स हे नाव व त्याचे बोधचिन्ह मोझिलाच्या अधिकारात आहे. डेबियन या लिनक्स वितरणाने आपले फेरफार कायम ठेवण्याचा आग्रह धरला, तेव्हा २००६ मध्ये त्याला आपल्या आवृत्तीचे नाव ‘आइसवीझल’ असे बदलावे लागले. हा वाद २०१६ मध्ये मिटला. निराळे नाव घेणे ही काही मोठी आपत्ती नव्हे. परंतु इतर किल्ल्या अधिक महत्त्वाच्या आहेत. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये असे जाहीर केले की, क्रोमिअमवर बांधलेल्या इतरांच्या ब्राउझरना आपले खुणापान व पासवर्ड निरनिराळ्या यंत्रांवर जुळवून ठेवणारी गूगलची सेवा १५ मार्चनंतर वापरता येणार नाही. पैसे भरून पाहावयाचे कित्येक चित्रपट दाखविण्यास एक बंदिस्त घटक लागतो. त्याचा परवाना त्या घटकाच्या मालक कंपनीकडून मिळवावा लागतो. ॲपलच्या संगणकांवर आपला प्रोग्रॅम निर्वेधपणे चालावा असे वाटत असेल, तर वर्षाला ९९ डॉलर भरून नोंदणी करावी लागते. न केल्यास वापरणाऱ्यापुढे भीतिदायक इशारा झळकतो. हौशी माणसाने घडविलेला ब्राउझर हाती घेणारा सामान्य मनुष्य ‘यात माझा नेहमीचा चित्रपट का दिसत नाही?’ असे विचारतो, आणि उत्तर ऐकण्याआधीच जुन्या ब्राउझरकडे परततो.

ही सहा कारणे एकत्र पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. परवाना तोच आहे. त्यातील अक्षरांत कोणी काटछाट केलेली नाही. परंतु बदल करण्याची परवानगी आणि केलेला बदल पोसण्याची ताकद या दोन गोष्टी भिन्न आहेत. बी पेरण्यास एक दिवस पुरतो, राखण मात्र हंगामभर करावी लागते. स्वयंसेवकांच्या शाखा आटल्या त्या पेरणारे संपले म्हणून आटल्या नाहीत. राखणीचा भार एका माणसाच्या बळापलीकडे गेला, म्हणून त्या आटल्या. वर उल्लेखिलेल्या वॉटरफॉक्सचाच पुढील प्रवास पाहा. अनेक वर्षे सांभाळल्यानंतर तो एका कंपनीच्या हाती गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. एका कल्पक मुलाने सुरू केलेली गोष्ट टिकवावयाची, तर केवळ कल्पकतेने भागत नाही, हेच यावरून दिसते.

यावर काही व्यवहारी माणसे असे म्हणतात की, यात बिघडले काय? शंभर कच्च्या आवृत्त्यांपेक्षा चार पक्क्या आवृत्त्या बऱ्या. लोक सुरक्षित राहतात, पाने सर्वत्र सारखी दिसतात, श्रमाचा अपव्यय टळतो. या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. दुरुस्त्यांवाचून पडून राहिलेली आवृत्ती लोकांना देण्यापेक्षा ती न दिलेली बरी, असेच मीही म्हणेन. परंतु या व्यवहारी मंडळींच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. वेगळे होण्याचा अधिकार हा केवळ वेगळे होऊ इच्छिणाऱ्यांच्या उपयोगाचा नसतो. जे मूळ घरातच राहतात, त्यांनाही त्याचे संरक्षण असते. कारण ‘फार छळ केलात तर आम्ही निघून जाऊ’ ही शक्यता घरधन्याला ठाऊक असते. जाण्याची वाट काट्यांनी भरून गेली, तर तो धाक उरत नाही.

हा धाक कसा ओसरतो, याचे एक ताजे उदाहरण आहे. जाहिराती रोखणारी कित्येक एक्स्टेन्शने ज्या जुन्या पद्धतीवर चालत, ती पद्धत क्रोमने २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद करावयास घेतली. क्रोमिअमवर आधारलेल्या काही ब्राउझरकर्त्यांनी ती आणखी काही काळ चालू ठेवण्याचा मानस व्यक्त केला. पण मूळ लिखाणातून एखादा भाग एकदा काढून टाकला, की तो जिवंत ठेवण्याचा सारा खर्च शाखेवर पडतो. तेव्हा पगारी माणसे असलेल्या कंपन्यांनाही ‘जमेल तोवर’ असेच बोलावे लागले. मग एकट्यादुकट्या स्वयंसेवकाची कथा काय? आज व्यापक वापरात असलेली ब्राउझर इंजिने तीनच उरली आहेत: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. त्यांपैकी दोन अतिबलाढ्य कंपन्यांच्या हाती आहेत. आपण काय वाचावे हे ती इंजिने ठरवीत नाहीत हे खरे. पण ते कसे वाचावे, वाचताना आपल्यावर कोणी पाळत ठेवावी आणि ती कशी टाळता यावी, हे पुष्कळ अंशी तीच ठरवितात.

आपल्या देशातही हाच अनुभव आला आहे. २०१० मध्ये बेंगळुरूच्या एका कंपनीने ‘एपिक’ नावाचा ब्राउझर काढला. तो मोझिलावर आधारलेला होता व त्यात भारतीय भाषांतून लिहिण्याची सोय केलेली होती. २०१३ मध्ये त्याच कंपनीने तो पाया सोडला आणि क्रोमिअमवर नवी आवृत्ती उभारली. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागून झोहो कंपनीस प्रथम क्रमांक मिळाला. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझरदेखील क्रोमिअमवरच उभा आहे. यात त्या कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. मोठ्या कंपनीलाही संपूर्ण नवा पाया घालणे परवडत नाही, एवढाच याचा अर्थ.

मग उपाय काय? नव्या नावांच्या पन्नास आवृत्त्या निघाव्यात, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझे म्हणणे असे आहे की, राखणीचे काम वाटून घेतल्याखेरीज मुक्त स्रोताचा परवाना सार्थ होणार नाही. याची चांगली उदाहरणे आपल्यासमोर आहेत. वाचकाची ओळख गुप्त राखणारा टॉर ब्राउझर २००८ पासून चालू आहे. तो फायरफॉक्सच्या दीर्घकाल टिकणाऱ्या आवृत्तीवर बांधला जातो. अशी संथ चालीची आवृत्ती मोझिला २०१२ पासून काढते. त्यामुळे दर महिन्याच्या धावपळीचा ताप कमी होतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, टॉरने केलेले कित्येक बदल २०१६ पासून खुद्द फायरफॉक्समध्ये सामावून घेण्यात आले. जो बदल खोडाने स्वीकारला, तो फांदीला वेगळा पोसावा लागत नाही, आणि त्याचा लाभ सर्वांनाच मिळतो. तसेच २०२४ मध्ये ‘लेडीबर्ड’ या ब्राउझरसाठी ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्यामार्फत देणग्यांच्या बळावर अगदी पहिल्या ओळीपासून नवे इंजिन लिहिण्याचा उद्योग चालू झाला. तो कितपत यशस्वी होईल ते काळ सांगेल. पण एकाने जीव तोडून धावण्यापेक्षा अनेकांनी मिळून आणि आर्थिक तरतूद करून चालावे, ही दृष्टी योग्य आहे. मोठ्या प्रकल्पांनीही आपले घटक शक्य तितके सुटे ठेवावेत, म्हणजे दुसऱ्याला त्यांचा उपयोग करता येईल. वापरणाऱ्यांनीही ‘फुकट मिळते ते फुकटच तयार होते’ हा भ्रम सोडून द्यावा.

विद्यार्थिमित्रहो, हा भार वाटून घेण्यास प्रत्येकाने कोट्यवधी ओळी वाचल्या पाहिजेत असे नाही. आपल्या अगदी जवळचे एक काम पाहा. फायरफॉक्स मराठीतूनही वापरता येतो. त्यातील सूचना, याद्या व इशारे स्वयंसेवकांनी मराठीत आणलेले आहेत. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की तीत नवी वाक्ये येतात. त्यांचे भाषांतर कोणी केले नाही, तर त्या जागी इंग्रजी वाक्य तसेच राहते. आणि अशी वाक्ये साचत गेली की मराठी आवृत्ती हळूहळू अर्धी मराठी होऊन बसते. यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शुद्ध व सोपे मराठी लिहिता येणे, इंग्रजी नीट समजणे आणि दर महिन्यास थोडा वेळ नेमाने देणे, एवढे पुरते. ज्यांच्या घरांत महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जोपासली गेली आहे, त्यांना हे नेमाने करण्याचे मोल निराळे सांगावयास नको. भाषा बोलण्याची परवानगी त्यांनाही नेहमीच होती. ती टिकली ती घरातील वडीलधाऱ्यांच्या रोजच्या खटपटीने आणि अशाच शाळांच्या आधाराने.

ज्याला प्रोग्रॅम लिहिण्याची आवड असेल, त्यानेही आरंभीच स्वतःच्या नावाचा ब्राउझर काढण्याच्या फंदात पडू नये. आधी चालू असलेल्या एखाद्या प्रकल्पातील एक लहानसा दोष शोधावा, तो नेमका कसा उद्भवतो हे लिहून कळवावे, जमल्यास दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती स्वीकारली जाईपर्यंत चिकाटीने पाठपुरावा करावा. देवनागरीतील एखादे जोडाक्षर एखाद्या पानावर फुटके दिसत असेल, तर ते आपल्याइतके चटकन आणखी कोणाच्या नजरेस येणार? अशी कामे केलेल्या मुलांतूनच उद्या एखादी शाखा समर्थपणे चालविणारी मंडळी निर्माण होतील.

आपल्या शाळांत नव्या शोधाचे कौतुक होते, प्रदर्शनात नव्या उपकरणाला बक्षीस मिळते. आणि ते योग्यच आहे. परंतु गेल्या वर्षीचे उपकरण ज्याने यंदाही चालू स्थितीत ठेवले, त्याचे नाव फलकावर कोणी लिहीत नाही. मुक्त ब्राउझरच्या क्षेत्रात कारागीर का कमी झाले, याचे एक उत्तर आपल्या या सवयीतही दडलेले आहे. पुढील वर्षीच्या प्रदर्शनात एखादे बक्षीस अशा राखणदारालाही ठेवावे, अशी माझी गुरुजनांना आणि पालकांना नम्र सूचना आहे.